गवताखालचा डोळा

ड्रुइडस्टनच्या कड्यावरून पायी जाणाऱ्याला हे घर दिसतच नाही. दिसतं ते धुराडं. गवतातून सरळ वर आलेली स्टीलची एक नळी, आणि थंडीच्या दिवसांत तिच्यातून निघणारा लाकडाचा धूर. टेकडीच्या पोटात कुणीतरी चूल पेटवली आहे.

वेल्सच्या नैऋत्य टोकाला पेम्ब्रोकशायर आहे, तिथली ही गोष्ट. समोर सेंट ब्राइड्सचा उपसागर आणि त्याला लागून अटलांटिकचं मोकळं पाणी. वाऱ्याला वाटेत अडवणारं काही नाही. झाडं म्हणावीत अशी थोडीच, तीही समुद्राकडे पाठ करून वाकलेली. किनारा १९५२ पासून राष्ट्रीय उद्यानात आहे, त्यामुळे इथं नवी वीट ठेवायची तरी दहा लोकांना पटवावं लागतं.

चार पावलं खाली उतरून समुद्राच्या बाजूनं मागं वळून पाहावं. गवताळ उतारात एक लांबट काचेचा डोळा उघडलेला असतो. काचेत जहाजाला असतात तशा गोल खिडक्या. वरची पापणी म्हणजे छप्पर, आणि त्या छपरावर आजूबाजूच्या टेकडीवर आहे तेच गवत. घर कुठं संपतं आणि टेकडी कुठं सुरू होते, हे बोट ठेवून सांगता येत नाही. कुंपण नाही, फुलांचे वाफे नाहीत, फाटकावर पाटी नाही. घराचं नाव मॅलेटर. ते पूर्ण झालं १९९८ साली. त्याच्या वर्षभर आधी बीबीसीवर गवताच्या गोल घरात राहणाऱ्या टेलीटबींचा कार्यक्रम सुरू झाला होता. लोकांनी लगेच नाव ठेवलं, टेलीटबींचं घर. गावोगावचे लोक सारखेच.

घराचे मालक बॉब मार्शल-अँड्र्यूज, पेशानं बॅरिस्टर आणि १९९७ ते २०१० मजूर पक्षाचे खासदार. या जागेवर पूर्वी लष्कराची जुनी लाकडी बराक होती, आणि कुटुंब सुट्टीत तिथंच येऊन राहायचं. तिच्या जागी नवं घर हवं होतं. त्यांनी गाठलं फ्यूचर सिस्टिम्स या कार्यालयाला, म्हणजे यान काप्लित्स्की आणि अमांडा लेव्हीट यांना. काप्लित्स्की मूळचे प्रागचे. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले, तेव्हा ते लंडनला आले.

ही नावं ओळखीची वाटली नाहीत तरी त्यांचं काम तुम्ही शेकडो वेळा पाहिलेलं आहे. लॉर्ड्सवर सामना असला की जुन्या पॅव्हिलियनच्या समोर, दोन काँक्रीटच्या बुरुजांवर चढवलेली एक पांढरी, गुळगुळीत पेटी दिसते. समालोचक बसतात ती. १९९९ च्या विश्वचषकापर्यंत तयार झालेली ती पेटी याच दोघांची. आख्खी ॲल्युमिनियमची, आणि कॉर्नवॉलमध्ये जहाजं बांधणाऱ्यांकडून करून घेतलेली. जगातल्या सगळ्यात ओळखीच्या मैदानावर सगळ्यांच्या डोळ्यांत भरेल अशी वस्तू आणि कड्यावर कुणालाच दिसू नये असं घर, दोन्ही एकाच टेबलावर, जवळजवळ एकाच काळात आखली गेली. मला याचं फार नवल वाटतं. लपायचं कसं हे नीट कळायला उठून दिसायचं कसं हेही माहीत असावं लागत असेल.

आपल्याकडे ‘घर मातीत घातलं’ म्हटलं की ऐकणारा हळहळतो. इथं मात्र ते शब्दशः करायचं आहे. आणि त्यासाठी आधी माती काय करते ते समजून घ्यायला हवं, कारण बहुतेकांची त्याबद्दलची समजूत चुकीची असते. माझीही होती.

समजूत अशी, की माती म्हणजे गोधडी. अंगावर ओढली की ऊब आत राहते. प्रत्यक्षात ओली माती ही फार वाईट गोधडी आहे. आपण ज्याला थर्मोकोल म्हणतो तसल्या पदार्थाचा पाच सेंटिमीटर जाडीचा थर उष्णतेला जितका अडवतो, तितकं अडवायला ओली माती दोन मीटरच्या आसपास लागते. मॅलेटरच्या छपरावरची गवताची चादर दिसते छान, पण तेवढ्यावर वेल्सचा जानेवारी निघणार नाही.

मग मातीचं काम काय? माती उष्णतेला उशीर लावते.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी अंगानं शिकलो होतो. माझं आजोळ बार्शीकडचं. घर माळवदाचं, म्हणजे सागाच्या तुळयांवर किलचांची दाटी आणि वर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर. एप्रिलच्या दुपारी बाहेरून आत आलं की माठात हात घातल्यासारखं वाटायचं. काळोखातून छताच्या साण्यातून उन्हाचा एकच दांडा खाली आलेला, आणि त्यात फिरणारी धूळ. पण रात्री नऊ-दहानंतर तेच घर तापायचं. बाहेर गार वारं सुटलेलं आणि आत घामाच्या धारा. सगळं घर वळकट्या घेऊन माळवदावर झोपायला जायचं. दिवसभर आजी आम्हाला घराबाहेर पडू द्यायची नाही आणि रात्री घरात थांबू द्यायची नाही. हा विरोधाभास मला तेव्हा विनोदी वाटे.

त्यात विनोद नव्हता, हिशेब होता. माती तापते ती वरून खाली, हळूहळू. दिवसाच्या उन्हाची लाट दीडेक फूट मातीतून खाली उतरायला साधारण बारा तास घेते, आणि उतरेपर्यंत तिचा जोर पुष्कळच ओसरतो. दुपारचं ऊन आजीच्या घरात मध्यरात्री पोचायचं. आम्ही तेव्हा वर, चांदण्यात.

आता हाच हिशेब दिवसाऐवजी वर्षाला लावा. वर्षाची लाट लांब, म्हणून ती जास्त खोल जाते आणि जास्त रेंगाळते. साध्या मातीत दर मीटरला तीन-साडेतीन आठवड्यांचा उशीर. तीन मीटर खोल गेलं तर वरच्या जमिनीवरचा चढउतार तिथं जेमतेम तीन-दशांश उरतो, आणि तोही दहा आठवडे उशिरा येतो. १८३७ मध्ये एडिंबराच्या जेम्स फोर्ब्ज नावाच्या प्राध्यापकांनी तिथल्या काल्टन टेकडीवर चार लांबलचक तापमापक जमिनीत पुरले, सगळ्यात खोल गेलेला २४ फ्रेंच फुटांवर, म्हणजे पावणेआठ मीटरवर. वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. सगळ्यात खालच्या तापमापकाला उन्हाळा पोचायचा तो भर हिवाळ्यात. वर बर्फ पडायच्या दिवसांत खाली वर्षातला सगळ्यात ‘गरम’ दिवस. गरम म्हणजे फरक अंशा-दोन अंशांचाच. पण टेकडीच्या आत कॅलेंडर उलटं टांगलेलं असतं, ही कल्पना मला अजून पूर्ण पचलेली नाही. याच नोंदी पुढं विल्यम थॉमसन यांच्या हाती आल्या. नंतर ते लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाले. जमिनीतून उष्णता कशी सरकते याचं गणित त्यांनी या नोंदींवरून मांडलं.

सुट्टीच्या घराला या उशिराचा एक खास उपयोग आहे. अशा घरात कायम कुणी राहत नाही. महिना-दोन महिने बंद, मग एका शुक्रवारी रात्री भाडेकरूसारखे मालकच दारात हजर. साधं लाकडी घर तोवर बाहेरच्या हवेइतकं गारठलेलं असतं आणि गरम होईस्तोवर रविवार उजाडतो. मातीला पाठ लावून बसलेलं घर इतकं खाली जातच नाही. त्याच्या मागची जमीन अजून सप्टेंबरमध्येच असते.

दुसरा फायदा वाऱ्याचा, आणि कड्यावरच्या घराला तो बहुधा उष्णतेपेक्षा मोठा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. कौलारू किंवा पत्र्याच्या घरात वारा भिंतीवर आपटतो, पागोळीपाशी उसळतो आणि छपराला वरून ओढतो. वादळात पत्रे उडतात ते खालून ढकलल्यानं कमी आणि वरून ओढले गेल्यानं जास्त. टेकडीच्याच रेषेत बसलेल्या घराला आपटायला भिंत नाही आणि पकडायला पागोळी नाही. शिवाय छपरावर वजन भरपूर. वारा दाराखिडक्यांच्या फटींतून घराची ऊब चोरतो, तर इथं तीन बाजूंना फटच नाही.

वजनाचं काय, हा प्रश्न आलाच. आपल्याकडे घराच्या नेहमीच्या स्लॅबवर माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला दोनशे किलो धरतात. पावसानं भिजलेली फूटभर माती एकटीच साडेपाचशे किलोच्या वर जाते. मॅलेटरचं छप्पर विमानाच्या पंखासारखं, प्लायवूडचं, कडेनं पोलादी कडं घातलेलं. मागच्या बाजूला माती अडवणारी भिंत. मधे खांब नाही. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर हे बाहेरून तयार करून आणलेले, रंगवलेले गोलसर डबे, मोकळ्या जागेत नुसते आणून ठेवलेले. खोल्या पाडणाऱ्या सरळ भिंतींची गरज त्यांनी भागवली. घर म्हणजे एक मोठी खोली, मधोमध शेगडी, तिच्याभोवती बसायची जागा, दोन्ही टोकांना झोपायच्या जागा.

मातीचा खरा दाब येतो तो आडवा. तीन मीटर उंच भिंतीच्या पाठीमागे माती भरली तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण चार टनांचा रेटा बसतो. तोही खाली जास्त, वर कमी. ही झाली कोरडी माती. तिच्यात पाणी साचून राहिलं तर चाराचे सहा टन व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून या घरांचा खरा शत्रू थंडीही नाही आणि वाराही नाही. पाणी. आपल्याकडे एखाद्या व्यवहारात गडबड दिसली की ‘कुठंतरी पाणी मुरतंय’ म्हणतात. ते वाक्य कुणी म्हटलं असेल तर ते नक्की माळवदाखाली बसलेल्या माणसानं, ओसरीत पातेली मांडताना. आजोळी दरवर्षी मृगाआधी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा हात फिरायचा, चोपण्यानं चोपायचं, पन्हाळं साफ करायची. एवढं करून पहिल्याच मोठ्या पावसात कुठंतरी थेंब पडायचाच. मग मामा पोतं डोक्यावर घेऊन वर चढायचा आणि अंधारात पायानं चाचपून चाचपून ती जागा शोधायचा. गळती आत जिथं दिसते तिथं ती वर नसते. पाणी किलचांवरून चार हात चालत येतं आणि मग पडतं.

मातीखालचं घर बांधणारे लोक हाच धडा उलट्या क्रमानं वापरतात. पाणी अडवायचं हा शेवटचा उपाय. आधी त्याला वाट द्यायची. भिंतीच्या पाठीला माती थेट लावायचीच नाही. मधे खडीचा उभा पट्टा, त्याला गाळ शिरू नये म्हणून कापडासारखा पडदा, पायाशी भोकं पाडलेला पाइप आणि त्या पाइपला उताराच्या बाजूला मोकळं तोंड. टेकडीवरून येणारं पाणी घरापर्यंत पोचायच्या आधीच चर खणून बाजूला वळवायचं. एवढं झाल्यावर मग भिंतीवर जलरोधक थर, त्याच्या बाहेरून उष्णता अडवणारा थर. बाहेरून, हे महत्त्वाचं. तो थर आतून लावला तर भिंत मातीसारखीच गार राहते, आणि आतल्या माणसांच्या श्वासाची, स्वयंपाकाची वाफ त्या गार भिंतीवर जाऊन थेंब होते. लोक मग छप्पर गळतंय म्हणून कंत्राटदाराला शिव्या घालतात. गळत असतात ते स्वतःच.

हवेचंही तसंच. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डे, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. त्यात हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची. पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे. आधी तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर अजून थांबायचं. जी कोंडलेली हवा किडीला मारते तीच माणसाला. मातीखालच्या घरात माणसांच्या श्वासाखेरीज शेगडी असते. काही भागांत दगडातून रेडॉन वायू झिरपतो, त्याला वास नाही आणि रंग नाही. म्हणून अशा घराला काचेचा डोळा उजेडासाठी जितका लागतो तितकाच हवेसाठी. २००५ च्या महापुरात हरिपूरची बहुतेक पेवं पाण्यानं गेली. पाणी इथंही आलंच.

लपण्याची सगळ्यात गमतीदार गोष्ट मात्र स्वित्झर्लंडची. व्हाल्स हे तिथलं डोंगरातलं गाव, पीटर झुमथोर यांनी १९९६ मध्ये बांधलेल्या गरम पाण्याच्या स्नानगृहामुळे वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांची काशी झालेलं. त्या स्नानगृहाच्या अगदी जवळ २००९ मध्ये ब्यार्ने मास्टनब्रुक आणि क्रिस्टियान म्युलर यांनी सुट्टीचं घर बांधलं, उतारात पूर्ण गाडून. समोरून दिसतो तो डोंगराला पडलेला एक खोलगट वाटोळा खड्डा, आणि त्यात खिडक्या लावलेली दगडी भिंत. दार दिसत नाही. कारण दार थोडं पलीकडच्या लाकडी गोठ्यात आहे. गोठ्यात शिरायचं, तिथून भुयारानं घरात. स्वित्झर्लंडमध्ये परवानगीआधी इमारतीच्या आकाराचा लाकडी सांगाडा जागेवर उभा करून गावाला दाखवावा लागतो, कुणाची हरकत असेल तर घ्यावी म्हणून. इथं तो उभा करायची गरज नाही असं ठरलं. जमिनीच्या वर काही येणारच नव्हतं, तर सांगाडा कशाचा करणार?

हे वाचून इथल्या कुणाला सह्याद्रीत असं घर खणायचा मोह झाला तर त्यानं जरा दमानं घ्यावं. डोंगरांवर सेकंड होमचं पेव फुटलेलंच आहे. पण खोलवरची जमीन साधारण त्या जागेच्या वर्षाच्या सरासरी तापमानावर राहते. पेम्ब्रोकशायरला ती दहा-अकरा अंशांच्या आसपास, कोकणात सव्वीस-सत्तावीस. म्हणजे कोकणात जमिनीकडून मिळणारा गारवा थोडाच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही चार महिन्यांत. कासच्या पठारावर तर फुलांखाली वीतभर माती आणि मग जांभा, लपायचं कशात? आणि उतार खणताना माळीणचं नाव आठवावं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पावसानं जड झालेला डोंगर आख्ख्या गावावर उतरला. माती उशीर लावते खरी, पण ती पाण्याचं वजनही गुपचूप साठवत असते.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, पेम्ब्रोकशायरहूनही उघडी. तिथल्या स्केल उपसागराच्या काठी एक गवताळ उंचवटा होता, किनाऱ्यावर असतात तसलाच. १८५० च्या हिवाळ्यात मोठं वादळ आलं आणि त्यानं त्या उंचवट्याची गवताची कातडी सोलून काढली. खाली घरं निघाली. स्कारा ब्रे हे नाव मग जगाला कळलं. इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडच्याही आधीची, पाच हजार वर्षांपूर्वीची घरं. त्या लोकांनी जमीन खणली नव्हती. आधीच्या पिढ्यांचा उकिरडा, म्हणजे शिंपले, हाडं, राख, कुजून मऊ झालेली माती, याचा ढीग होता. त्यात त्यांनी दगडी भिंती बसवल्या, की सगळीकडून ऊबदार पाठ मिळावी. घरांमधल्या वाटाही वरून झाकलेल्या, म्हणजे शेजारी जायला वाऱ्यात बाहेर पडायला नको. दारं इतकी ठेंगणी की ओणवं होऊन शिरावं लागे. खालून सांडपाण्याची नाली. पाण्याला वाट द्यायची हे त्यांनाही ठाऊक होतं.

झाडं नव्हती, म्हणून सगळं सामान दगडाचं, म्हणूनच ते टिकलं. घर म्हणजे एकच खोली. मधोमध चूल. दोन्ही बाजूंना दगडी कडा लावलेले बिछाने, उजवीकडचा थोडा मोठा. आणि दाराच्या बरोबर समोर, भिंतीला लागून, दोन मजली दगडी मांडणी. वाकून आत आलेला माणूस ताठ उभा राहिला की त्याची नजर पहिल्यांदा तिच्यावर पडावी, अशा बेतानं ठेवलेली.